करगोट्याच्या तीन गाठी

सकाळी साडेनऊला करवंदवाडीत सुंदराबायची हाक ऐकू आली नाही, तर तो दिवस रविवार समजावा. एरवी ती हाक चुकायची नाही. खर्डीहून तानशाकडे वळलं की डांबर संपल्यावर पंचवीस मिनिटं चालायचं, मग कातकऱ्यांची ही अठ्ठावीस घरांची वाडी लागते. टेकाडावर एकखोली अंगणवाडी. सेविका रुपालीताई खर्डीहून स्कूटीवर येत. गाणी, चित्रं, वजनं, नोंदी हे सगळं त्यांच्याकडे. पण मुलं टेकाडावर चढवायची आणि त्यांच्या पोटात काहीतरी घालायचं, हे काम मदतनीस सुंदराबायचं.

तिची हाक सरळ कधीच नसायची.

"ए शेंबड्या, नाक घरी ठेव नि तू ये!" "का गो महाराणी, पालखी पाठवू का तुला?"

महाराणी म्हणजे संगीता आणि मंगेशची भाग्यश्री. वय चार वर्षं, नाव वाडीत सगळ्यांत मोठं आणि वजन सगळ्यांत कमी. सगळे तिला भागी म्हणत. आषाढात तिचं वजन केलं तेव्हा रुपालीताईंनी तक्त्यावरचा ठिपका लाल पट्ट्यात टाकला आणि पेन तसंच धरून बसून राहिल्या. सुंदराबायला वाचता येत नव्हतं, पण लाल रंग कळत होता. त्या दिवसापासून भागीची खिचडी वेगळी झाली. डाळ जास्त, वरून तेलाची धार, उकडलेलं अंडं बोटानं कुस्करून आत लपवलेलं. "अंडं नको" म्हणणाऱ्या पोरीला अंडं कसं खायला घालायचं, हे सुंदराबायला कुणी प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. ती एक घास कावळ्याला दाखवायची, "हा तुजा नाय रे, आमच्या महाराणीचा हाय," असं त्याला दटावायची, आणि कावळ्याला मिळू नये म्हणून भागी तोंड उघडायची.

भाद्रपदात ठिपका पिवळ्यात आला. दिवाळीच्या आधी तो हिरव्याच्या कडेला टेकला. रुपालीताईंनी पर्समधलं चॉकलेट काढून भागीला दिलं आणि दुसरं सुंदराबायला.

"बाय, हे तुमचं काम आहे हं."

सुंदराबायनं चॉकलेट पदराच्या टोकाला बांधलं. नवरा दामू घरी खोकत पडलेला असायचा, त्याला अर्धं द्यायचं म्हणून. वीस वर्षं वीटभट्टीचा धूर छातीत गेल्यावर माणसाचं जे होतं ते त्याचं झालं होतं.

"आता दिवाळी झाली की ही भट्टीवर जाणार," रुपालीताई हळू म्हणाल्या. "आणि शिमग्याला परत येईल ती लाल होऊन. दरवर्षीचंच आहे. कितीजणांचं बघितलं मी."

भट्टी काय असते हे सुंदराबायला सांगायला नको होतं. तिची स्वतःची लेक हिरी भट्टीवरच रांगली, भट्टीवरच चालायला शिकली. तीन वर्षांची असताना हिरीनं काड्यापेटीच्या खोक्यात चिखल भरून चिमुकल्या विटा पाडल्या होत्या, अगदी ओळीत. सुंदराबाय त्यांच्यावरून चालली तेव्हा पोरगी ओरडली होती, "आये, तुडवू नको, वल्ल्या हायत!" केवढी हसली होती सुंदराबाय. मुकादमाला बोलावून दाखवलं होतं, बाजूच्या झोपड्यांतल्या बायांना दाखवलं होतं. बघा माजी पोर, आतापासून कामाची. आज हिरी सव्वीस वर्षांची आहे. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं, तेही भट्टीवरच. पाटीवर कधी रेघ ओढली नाही. आता तिची तीन पोरं आहेत आणि तीही भट्टीवर. ते हसू सुंदराबायच्या मनातून काही केल्या जात नव्हतं.

दिवाळी झाली. मुकादमाचा टेम्पो सोमवारी येणार असं कळलं, तशी रविवारी ती संगीताच्या दारात जाऊन बसली. संगीता पातेली पोत्यात भरत होती.

"पोर माज्याकडं ठेव," सुंदराबाय म्हणाली.

संगीता हसली. "तुज्याकडं? ती मला सोडून परसाकडंपण जात नाय, बाय."

"चार दिवस रडल. मग खेळल. अंगणवाडी हाय, अंडं हाय, मी हाय. तिकडं काय हाय?"

"मी हाय ना तिकडं."

"तू पहाटे तीनला चिखलात उतरणार. पोर राखीत लोळणार. सकाळचा शिळा भात दुपारी, दुपारचा रातीला. मला नको शिकवू."

मंगेश बाहेर टेम्पोसाठी दोरखंड वळत होता. "ठेव गो," तो म्हणाला, "सुंदराबायकडं अंडी मिळतात म्हणं. मलाबी ठेव." कुणी हसलं नाही, तसा तो पुन्हा दोरखंडाकडे वळला.

संगीता पातेलं हातात धरून उभी होती. "ती माज्या कुशीबिगर निजत नाय, बाय."

तेव्हा सुंदराबाय बोलून गेली. नंतर त्या बोलण्याचा तिला किती त्रास झाला ते तिचं तिलाच माहीत. ती म्हणाली, "ने मग. ने नि मार तिला."

संगीतानं पातेलं खाली ठेवलं. मग पोत्यातून भागीचे दोन फ्रॉक काढून तिनं बाजूला ठेवले.

वाडीतून भट्टीवर जाताना पोराच्या कमरेला नवा काळा करगोटा बांधायची रीत आहे, आणि तो घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं बांधायचा. भागी जाणार नव्हती, तरी सुंदराबायनं तिला बांधला. दोऱ्याच्या टोकाला बोटाबोटाच्या अंतरावर तीन गाठी मारल्या आणि फासा मधल्या गाठीला अडकवला.

"बघ," ती संगीताला म्हणाली, "आज मधल्या गाठीवर. शिमग्याला तू येशील तवा बाहेरच्या गाठीवर असंल. तवा मला लुगडं घे."

"दोन घेईन," संगीता म्हणाली. टेम्पो सुटला तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं नाही. भागी सुंदराबायच्या कमरेवर बसून हात हलवत होती. तिला वाटत होतं, आई खर्डीच्या बाजाराला चालली आहे.

पहिले दोन दिवस चांगले गेले. तिसऱ्या दिवशी भागी सुंदराबायच्या उंबऱ्यावर येऊन बसली, रस्त्याकडे तोंड करून. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, रडणाऱ्या पोराला काय करायचं ते सुंदराबायला ठाऊक होतं. ही नुसती बसायची. अंगणवाडीत नेली तर जायची, गाण्याला टाळ्या वाजवायची, घास दिला की तोंड उघडायची. आणि तो घास गालात धरून ठेवायची. तासाभरानं बोट घालून पाहावं तर भात तसाच, गोळा झालेला.

कावळ्याचा खेळ झाला. भागीनं स्वतःच्या हातानं ताटली कावळ्याकडे सरकवली.

दामूनं खोकत खोकत ओढ्यावरून मळ्या जातीचे चार मासे आणले, सुंदराबायनं ते निखाऱ्यावर भाजून काटे काढून दिले. नाही. तांदळाची पेज, मीठ घालून. नाही. रुपालीताईंनी घरून तुपात परतलेला शिरा आणला. त्यातला एक घास पोटात गेला, म्हणून तिघंही आनंदानं एकमेकांकडे बघत राहिली, आणि दुसऱ्या घासाला ओठ मिटले ते मिटलेच.

सहाव्या दिवशी आंघोळ घालताना करगोटा मांडीवर घसरला. सुंदराबायनं फासा मधल्या गाठीवरून काढून आतल्या गाठीला अडकवला. कुणाला सांगितलं नाही.

दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं, डोळे बघितले, छाती ऐकली. "ताप नाही, जंत नाहीत. आई कुठे आहे हिची?" सुंदराबायनं सांगितलं. डॉक्टरीणबाई औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता थांबल्या आणि मग टॉनिक लिहिलं.

मंगेशचा फोन बहुतेक वेळा बंद असायचा. एकदाच लागला. "बोल गो, आई हाय," म्हणून सुंदराबायनं भागीच्या कानाला लावला. पलीकडून संगीता "भागे, भागे" करत होती. भागीनं फोनच्या मागे पाहिलं, मग सुंदराबायच्या पाठीमागे पाहिलं, आणि तोंड फिरवून उंबऱ्यावर जाऊन बसली. त्यानंतर तिनं पाणीसुद्धा मागून घेतलं नाही.

"मी चूक केली का गो?" सुंदराबायनं रुपालीताईंना विचारलं.

रुपालीताईंना खोटं बोलता येत नसे. "तुम्ही जे केलं ते मीही केलं असतं," त्या म्हणाल्या.

"म्हंजे दोघी चुकलो."

पंधराव्या दिवशी आतली गाठही सैल पडली. सुंदराबायला आणखी आत एक नवी गाठ मारावी लागली. त्याच दुपारी तिनं दामूला सांगितलं, "उद्या मी पोर पोचवून येते."

"तूच ठेवून घेतलीस ना?"

"मीच पोचवते."

खर्डीवरून पुढे दोनदा गाडी बदलून, विचारत विचारत, कल्याणच्या पलीकडे खाडीच्या अंगाला असलेली ती भट्टी तिला सापडली. राखेचे ढीग, ताडपत्रीच्या झोपड्या, उन्हात वाळत घातलेल्या विटांचं रान. कोपरापर्यंत चिखलात असलेल्या संगीतानं मान वर केली. भागी सुंदराबायच्या कमरेवरून स्वतः उतरली, न बोलता चालत गेली, आणि चिखलाच्या त्या हातांत शिरली.

संगीतानं तिला उचललं तेव्हा फ्रॉक वर सरकला. तिची नजर करगोट्यावर गेली. बोटानं तिनं गाठी चाचपल्या. बाहेरची, मधली, आतली. आणि आत ती नवी.

सुंदराबाय शिव्या खायला तयार होऊन आली होती. संगीता शिव्या देणारी होतीही. पण ती एवढंच म्हणाली, "चवथी कवा मारलीस?"

"काल."

संगीतानं हात धुतले. झोपडीतलं पातेलं काढलं, सकाळचा गार भात, त्यावर मीठ आणि पाणी. मुठीनं कुस्करला. ना डाळ, ना तेलाची धार, ना अंडं. भागी आईच्या मांडीवर बसून तो भात खात राहिली. पातेलं संपलं, तरी बोटं चाटत होती. सुंदराबाय बघत होती. तिला आनंद व्हायला हवा होता, तो झालाही. पण पाच महिने तेलाची धार मोजून घालणाऱ्या बाईला त्या मीठभाताकडे बघवत नव्हतं.

"बघ खाल्लं," संगीता म्हणाली, आणि मग तीच रडायला लागली. "पर इथं एवढंच हाय, बाय. तू म्हणत होतीस ते खोटं नव्हतं."

भोवती पोरं जमली होती. पाच-सहा वर्षांच्या आतली अकरा. राखेनं पांढऱ्या भुवया, नाकं वाहती. सुंदराबायनं सवयीनं एकेकाचं नाक पुसलं, हात धुवून घेतले, एका ओळीत बसवलं. बसवल्यावर तिच्या लक्षात आलं की वाढायला काहीच नाही. पोरं मात्र ओंजळी पुढे करून बसली होती. भागीसाठी आणलेला बिस्किटपुडा तिनं मोडून अकराजणांत वाटला.

परत आल्यावर तिनं रुपालीताईंना विचारलं, "तिकडं अंगणवाडी नाय काय?"

"आहे. मी चौकशी केली. तिथल्या गावात भागीचं नाव घालता येतं. आहारही देतील."

"मग?"

"ती अंगणवाडी भट्टीपासून तीन-साडेतीन किलोमीटर. मधे हायवे. त्या बिचाऱ्या ताईंकडे गावातलीच पंचेचाळीस मुलं. पोरांना भट्टीवरून नेणार कोण, बाय?"

सुंदराबाय भांडी घासत होती, ती घासतच राहिली. नेणार कोण. दारोदार जाऊन पोरांना नेणं, एवढंच तर तिला येत होतं. पण दामूला टाकून ती कुठे जाणार होती?

त्या हिवाळ्यात करवंदवाडीत सातच मुलं उरली. हाकही लहान झाली. भागीच्या बंद दारापाशी मात्र ती रोज एक क्षण थांबायची आणि तोंडातली हाक गिळून पुढे जायची.

शिमग्याला टेम्पो आला. माणसं काळी पडून आली होती, पोरं केस पिंगट होऊन. संगीतानं लुगडं आणलं नव्हतं आणि सुंदराबायनंही त्याचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भागी स्वतःच टेकाड चढून आली. रुपालीताईंनी वजन केलं. ठिपका लाल पट्ट्यात पडला, वरच्या काठाशी. करगोट्याचा फासा आतल्या गाठीवर होता. चवथी गाठ संगीतानं सोडवली होती, तेवढंच.

"खाते ना पण?" रुपालीताईंनी विचारलं.

"खाते," संगीता म्हणाली. "असंल ते सगळं खाते."

सुंदराबायनं डाळ जास्त घालून खिचडी चढवली. अंडं उकडायला ठेवलं. अंगणात पोरांचा गलका चालला होता, त्यात भागीचा आवाज नव्हता, म्हणून ती पळी हातात घेऊनच बाहेर आली.

भागी हातपंपाच्या ओलीशेजारी उकिडवी बसली होती, मोठ्या बाईसारखी. बाकीची पोरं भोवती गोल करून बघत होती. तिच्या हातात काड्यापेटीचं रिकामं खोकं. चिखल दाबून भरायचा, बोटानं वरून पुसून घ्यायचा, उलटं मारून खोकं अलगद उचलायचं. ओळीच्या ओळी. एक वीट वाकडी नाही.

"किती सुबक गं!" रुपालीताई दारातून म्हणाल्या. "बाय, बघितलंत का?"

सुंदराबाय दोन पावलं पुढे गेली.

"आजी," भागी मान वर न करता म्हणाली, "तुडवू नको, वल्ल्या हायत."

सुंदराबायनं पाय मागे घेतला. मग त्या ओळींना लांबून वळसा घालून ती चुलीपाशी गेली आणि अंड्याखालचा जाळ सारत बसली. अंडं कधीच उकडून झालं होतं.