निम्मं माप

मास्तरांनी घातलेली शिवण उसवून दाखवा, असं आव्हान त्यांनी अख्ख्या गल्लीला देऊन ठेवलं होतं. माणूस हट्टी, तोंडाचा फटकळ, पण हातात जादू. चाळीस वर्षं एकच खोली: पुढे कापायचं टेबल, मागे शिलाई मशीन आणि पडद्याआड संसार. बायको गेल्यावर लेकीला त्यांनी इथेच लहानाचं मोठं केलं. मशीनची खडखड चालू असेल तरच पोरीचा डोळा लागायचा.

ती लेक आता सातासमुद्रापार होती आणि आज तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. ती म्हणाली होती, "बाबा, साडेतीनला फोन करीन. चारला आत नेतील, तोवर बोलत राहा. बाकी काही नको मला."

"हा काय बसलोय!" मास्तरांनी शब्द दिला होता.

फोन यायचा इंटरनेटवरून, आणि इंटरनेट वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचं. त्यांनी कालच वायफायचा डबा बदललेला. सकाळी ड्युटीवर जाताना जिन्यातूनच त्यांनी नवा पासवर्ड सांगितला, "आधी इंग्रजीत होम, सगळी लहान अक्षरं. मग बेचाळीस, छत्तीस. लिहिलंत ना?"

"लिहिलं, लिहिलं." खडू हातात होताच. मास्तरांनी टेबलाच्या कडेवर लिहून टाकलं आणि पुन्हा कात्री धरली. तेव्हाच फोनमध्ये घालून बघायला काय झालं होतं? पण हातातलं काम अर्धवट सोडतील तर ते मास्तर कसले.

तीनला त्यांनी पासवर्ड घातला. चुकीचा. चष्मा पुसून पुन्हा घातला. चुकीचाच. नर्सबाईंना फोन लावला, तर तो नुसता वाजत राहिला. वॉर्डात त्या फोन नेत नसत. साडेतीन झाले, पावणेचार झाले. मास्तरांनी फोनचा उद्धार केला, डब्याचा केला, नर्सबाईंचाही केला.

चारला नेहमीचं गिऱ्हाईक, बसचा कंडक्टर, दारात. "मास्तर, कंबर परत घ्या. ढेरी सुटलीय."

मास्तरांनी सवयीने टेप गुंडाळली. "छत्तीस," ते पुटपुटले आणि खडूने लिहिलं अठरा. कापड दुहेरी घडीवर कापायचं, म्हणून माप निम्मं लिहायचं. त्या हाताने ऐकलेला आकडा कधी पुरा लिहिलाच नव्हता.

मास्तरांनी टेबलाच्या कडेकडे पाहिलं. एकवीस, अठरा.

बेचाळीस, छत्तीस घालताच फोन वायफायला जोडला गेला. सहा कॉल येऊन गेले होते. शेवटी लेकीने रेकॉर्ड करून ठेवलेला निरोप: "बाबा, न्यायला आलेत. तुमचा फोन लागत नाहीये. असू दे, कुणावर चिडू नका. थोडी भीती वाटतेय हो. मशीनचा आवाज तेवढा ऐकवा, म्हणणार होते."

चूक दुसऱ्या कुणाची असती तर मास्तरांना निदान चिडता तरी आलं असतं.

मग ते मशीनपाशी गेले आणि फोन कंडक्टरच्या हातात दिला. "हे रेकॉर्डिंगचं बटण धरून ठेव." कापड न घालताच त्यांनी मशीन चालवलं. आवाज पाठवला. एकच टिक आली. लेकीचा फोन बंद होता.

मास्तरांनी पायडलवरून पाय काढला नाही.

"परत दाब," ते म्हणाले. "या वेळी जास्त वेळ चालवतो."