गटाराकाठचा चहा

नाक्यावरचा हा फळा वाचणाऱ्या नौपाडेकरांनो, आजचा सुविचार पुसून मी लिहितेय. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

आमच्या आळीचं गटार पावसाळ्यापासून तुंबलंय. आज सकाळी नगरपालिकेचे साहेब एकदाचे पाहणीला आले आणि नाकाला रुमाल लावून लांबूनच परत निघाले. गोरे साहेब जाऊन आपले आले, तऱ्हा तीच!

शेजारच्या गोदाकाकू आडव्या आल्या. "दारी आलात साहेब, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

तोवर मी गटाराच्या अगदी काठाला खुर्ची मांडली.

"अहो, इथे? आत बसू की!"

"आत तरी काय वेगळं आहे?" काकू म्हणाल्या. "आम्ही याच वासात जेवतो."

आळीतल्या बायका भोवती जमल्या, तेव्हा साहेब बसले. एका हातात कप, दुसऱ्यात बशी. रुमाल धरायला तिसरा हात नव्हता. त्यात चहा चांगला कढत होता.

कप रिकामा होण्याआधीच साहेबांनी मुकादमाला बोलावणं धाडलं. दुपारी गटार वाहतं झालं.

आता आळीतले पुरुष विचारतायत, बायकांनी असं साहेबांना अडवावं का? तुम्हालाही तसंच वाटतं?

मग या. खुर्ची आता आळीमागच्या दुसऱ्या गटाराच्या काठाला मांडलीय, आणि ते अजून तुंबलेलंच आहे. मी आधण ठेवते.