डाव्या हातानं मोडलेली भाकर

थंडीतला रविवार, सकाळचे साडेदहा. अकोल्याचं घर. हजर: बाबा खुर्चीत, आई ओट्यापाशी, फिजिओथेरपीची ताई आणि अमरावतीहून सातच्या एसटीनं आलेली मी.

बाबांना अर्धांगवायू होऊन दोन वर्षं होत आली. उजवा हात मांडीवर पडून असतो, उजवा पाय ओढत येतो. फ्रिजवर मी तक्ता लावलाय: सकाळी अंडं, दुपारी मुगाची डाळ-भाकर, संध्याकाळी दही, मीठ कमी, दिवसातून तीनदा खुर्चीवरून दहा उठबशा, दोनदा दारापर्यंत फेरी. आठवड्याच्या प्रत्येक चौकोनात आईची खूण होती. मी खूश होऊन फोटोही काढला.

मग ताईनं मापपट्टी काढली. उजवी मांडी महिन्याभरात बारीक झाली होती.

"खाणं कमी पडतंय," ती म्हणाली. "असंच राहिलं तर उठणंही बंद पडेल. मग बिछाना."

मी तक्त्याकडे बोट दाखवलं. आईनं गॅस बंद केला आणि म्हणाली,

"खुणा मी लावतो. तू आठ दिवसांनी येतं, आल्याबरोबर फ्रिजकडे पायतं. रिकामा चौकोन दिसला का तुयं तोंड उतरते. थे दोन घास खातात, बाकी ताट वापस. चार उठबशा झाल्या का पाय थरथरते."

मी बाबांसमोर बसले. "काहून नाही खात, बाबा?"

त्यांचे शब्द जड येतात. "काला करून देता," ते म्हणाले. "मी लेकरू आहो काय?"

भाकर डाळीत कुस्करून द्यायची, ही माझीच सूचना. एका हातानं ती मोडत नाही, ताटभर सरकत राहते. शिवाय कुस्करलेलं लवकर संपतं, व्यायामाला वेळ मिळतो. माझ्या वहीत ते 'सोपं केलेलं' या मथळ्याखाली होतं.

ताईनं ताटाखाली ओलं फडकं घातलं, अख्खी भाकर ठेवली आणि बाबांचा उजवा हात उचलून तिच्यावर टेकवला. "हा दाबून धरेल, डावा मोडेल. आत्ताचा व्यायाम हाच."

भाकर दोनदा निसटली. माझा हात पुढे गेला. आईनं तो धरला.

"चूप बस ना वं, कलेक्टरीन."

तिसऱ्यांदा तुकडा निघाला, वेडावाकडा. मी घड्याळ पाहिलं, उठले, पाण्याच्या बाटल्या भरल्या, परत बसले. एक भाकर संपायला चाळीस मिनिटं लागली. डाळ शर्टावर सांडली. बाबांनी ठेचा मागितला, तो मात्र मी दिला नाही. लिंबू पिळलं. त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं आणि अर्धी भाकर आणखी मागितली.

ताईनं जाताना बजावलं, दर आठवड्याला वजन बघा. मी लगेच बाजारात जाऊन काटा आणला. त्यावर काहीही न धरता, दोन्ही पायांवर, आकडा थांबेपर्यंत उभं राहावं लागतं. बाबांनी डावा पाय वर ठेवला, उजवा ओढून घेतला. दाराची चौकट मात्र सुटेना. मी मागे हात पसरून उभी. आई बाजूला.

"सोडा ना," आई म्हणाली.

"आज नाई."

साडेचारची बस होती. वजन करायचं राहिलं आहे.