फळ्यावरचं एक-शून्य

मैदानाच्या फाटकासमोर, जिन्याखालच्या चिंचोळ्या गाळ्यात बूट शिवणारे मामा बसतात. खरं तर ते मामा एकाच पोराचे, धाकट्या बहिणीच्या मुलाचे. पण हा भाचा लहानपणापासून मित्रांचं टोळकं घेऊन गाळ्यात पडीक असायचा. त्याचं ऐकून बाकीचेही मामा म्हणायला लागले आणि बघता बघता त्यांच्यापेक्षा वयानं मोठ्या माणसांनीही त्यांना मामा करून टाकलं.

मामा अबोल. दिवसभर ओठांत चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून काम करणाऱ्या माणसानं बोलायचं तरी कसं, असं ते विचारत. अर्थात चुका काढल्यावर. जे सांगायचं ते फळ्यावर. दाराला टांगलेल्या काळ्या फळ्यावर एरवी तयार झालेल्या जोडांचे नंबर असत. गावच्या फुटबॉल चषकाचा अंतिम सामना रविवारी असला की आदल्या शुक्रवारी मामा तो ओल्या फडक्यानं पुसत आणि खडूनं नुसता निकाल लिहीत. सलग सात वर्षं तो तंतोतंत खरा ठरला होता. कुणी म्हणे, मामांना स्वप्नात दिसतं. कुणी म्हणे, पंच त्यांच्या ओळखीचा आहे. मामा गालातल्या गालात हसत आणि दोऱ्याला मेण लावत बसत.

गुपित साधं होतं. फुटबॉलचे बूट धड शिवणारा माणूस गावात एकच, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात दोन्ही संघांचे बूट त्यांच्याकडेच येत. बूट पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर उलटा चढवला की तळ डोळ्यांसमोर येतो. पुढचे स्टड, म्हणजे तळाचे टोकदार उंचवटे, झिजले असतील तर गडी खरंच पळतोय. टाच झिजली असेल तर दमलाय, नुसता उभा राहतोय. एका बाजूचेच झिजले असतील तर त्याला एकाच अंगाला वळता येतं. बावीस जोड बघून झाले की मामांना सामना जवळजवळ दिसायचाच. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, एवढंच होय. आणि सात वर्षं स्वतःला जाणकार म्हणवून घेतल्यावर 'एवढंच होय' ऐकायची मामांची तयारी नव्हती.

आठव्या वर्षी कागद कारखान्याचा संघ अंतिम फेरीत आला, समोर बंदराचा संघ. कारखान्याच्या आघाडीला होता भाचा. हा सामना बघायला मोठ्या शहरातल्या क्लबचा माणूस येणार होता, भाच्याला घेऊन जायला. बहिणीनं तर त्याची बॅगसुद्धा काढून झटकून ठेवली होती.

बुधवारी मामांनी भाच्याचे बूट फर्म्यावर चढवले आणि हात थांबला. डाव्या बुटाचे स्टड पार घासून गेलेले, उजव्याचे आतल्या अंगाचे जवळजवळ कोरे. पोरगा उजव्या पायावर भारच देत नव्हता. गुडघा दुखतोय आणि हा लपवतोय, हे मामांना लख्ख कळलं.

शुक्रवारी भाचा जोड न्यायला आला. गाळ्यात दोन गिऱ्हाइकं बसली होती.

"पाय बरा आहे ना रे?" मामांनी विचारलं.

"ठणठणीत," तो म्हणाला, आणि बूट काखेत मारून गेला.

आणखी एक वाक्य मामांच्या जिभेवर आलं होतं. गिऱ्हाइकांसमोर बुटांचं गुपित फुटलं असतं, म्हणून ते त्यांनी गिळलं. मग फळा पुसला आणि लिहिलं: बंदर एक, कारखाना शून्य.

गावभर बोंब झाली. "भाचा आघाडीला आणि मामा शून्य लिहितात?" चहावाला गाळ्यात येऊन भांडून गेला. मामा म्हणाले, "सामना काय नातं बघून खेळतात का?" आपल्या निःपक्षपातीपणाचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं. शनिवार अख्खा पडला होता. बहिणीचं घर तीन गल्ल्या पलीकडे होतं. मामा गेले नाहीत.

रविवारी बंदरानं लवकर गोल केला. मग साठाव्या मिनिटाला भाचा चेंडू घेऊन उजव्या पायावर वळला आणि खाली बसला. त्याला कुणी शिवलंही नव्हतं. स्ट्रेचर आत आलं. आणि तेव्हा मामांच्या मनात पहिलं काय आलं, तर आता शून्य नक्की. पोराचा विचार त्यानंतर आला. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितलेली नाही. तिची लाज त्यांना आजही वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

निकाल एक-शून्य. लोक गाळ्यासमोर जमले, पाठ थोपटू लागले, आठवं वर्ष म्हणून कुणी टाळ्या वाजवल्या. मामांनी फडकं ओलं केलं आणि त्यांच्या देखतच फळा पुसला.

आठवड्यानं ते बहिणीकडे गेले. भाचा पलंगावर, पाय उशीवर, मांडीपासून पट्ट्यात. बहीण स्वयंपाकघरात होती. बॅग पुन्हा कपाटावर गेली होती.

"मामा, शून्य कसं काय लिहिलंस?"

"तुझे बूट बघून."

"कधी?"

"बुधवारी."

"डॉक्टरनं थांब म्हटलं होतं, आई रोज म्हणत होती. मी ऐकलं नाही. तू म्हणाला असतास तर बसलो असतो रे बाहेर."

मामांजवळ उत्तर तयार होतं: तू तरी कुठं खरं बोललास? तेही त्यांनी गिळलं. या वेळी गिळणंच बरोबर होतं.

त्याला आता नऊ वर्षं झाली. फळ्यावर फक्त जोडांचे नंबर असतात. निकाल विचारला तर मामा म्हणतात, मला काय कळतं त्यातलं. उलट हल्ली ते फार बोलतात. कुणाचाही बूट उलटा केला की चुका ओठांतून काढून आधी सांगतात: घोटा दाखवून घे, कंबर तपासून घे. खेळाडू वैतागतात. शिवा आणि द्या, म्हणतात. तरीही मामा सांगतातच.

भाचा कारखान्यात गोदाम सांभाळतो. परवा तो कामावरचे बूट घेऊन आला. मामांनी ते उलटे केले. डावी टाच तिरकी झिजलेली, उजवी जवळजवळ कोरी.

"उजव्या पायावर अजून भार देत नाहीस तू," मामा म्हणाले.

भाचा हसला, अगदी मनापासून. "आता सांगतोयस होय, मामा?"

मामांनी मान खाली घातली आणि डाव्या टाचेसाठी चामडं कापायला घेतलं.