शिक्का

झेरॉक्सच्या दुकानात तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला की माझं डोकं फिरतं. सीईटीत मला चांगले मार्क पडले, तेव्हा बाबांनी कौतुकाने आमच्याजवळच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या झेरॉक्सच्या दुकानातून गुणपत्रक लॅमिनेट करून आणलं. त्या मार्कांवर माझी अर्धी फी माफ होणार होती. कॉलेजातला क्लार्क म्हणाला, "यावर शिक्का मारायचा असतो. प्लॅस्टिकवर बसत नाही. आज शेवटचा दिवस आहे, बघा काय ते." बाबा बाकावर बसून ब्लेडने प्लॅस्टिक सोलू लागले, तर त्याच्याबरोबर मार्कांचा आकडाच निघून आला, आणि फीमाफी गेली. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी सगळ्यांदेखत बाबांवर ओरडले. वीस वर्षं झाली, राग जात नाही. निघताना त्या क्लार्कला मी "थँक्यू सर" म्हणाले होते.