बकाराम कोष्ट्याची घागर

नवेगाव बांधच्या आमच्या घरात लग्न निघालं की नवरदेवाचं धोतर बकाराम कोष्ट्याच्या मागावरून यायचं. माझ्या लग्नाच्या वर्षी, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधी, माझे सासरे केशोराव, गावचे मालगुजार म्हणजे जमीनदार, गोंदियाला गेले आणि विलायती धोतर घेऊन आले. त्यावर वाघाचा शिक्का होता. गावातल्या बहुतेक धोतरांवर तो वाघ आधीच बसला होता. उरलं होतं ते आमचं घर; रोजची धोतरंही इथे बकारामचीच असायची. तेही गेलं की बकारामला माग मोडून धानाच्या बांधीत मजुरीला जावं लागणार होतं.

बकाराम लग्नाला आला. धोतरावर बोट घासलं, चाटून पाहिलं.

"मालगुजारसाहेब, याले खळ बहुत चारली हाये. धुऊन पायलं का?"

"नव्या धोतराले कायले धुवाचं? तुयं पोट दुखून राहिलं, बकाराम."

"दुखून तं राहिलं."

हळद उतरवताना नवरानवरीवर सगळे पाणी ओततात. आमच्या घरी पहिल्या तांब्याचा मान धोतर विणणाऱ्याचा. आता विलायतेहून तर कोणी आलं नव्हतं. सासऱ्यांनी उदार होऊन बकारामलाच पुढे बोलावलं. त्यानं तांब्या बाजूला सारून घागर उचलली.

ह्यांच्या धोतरातून भाताच्या पेजेसारखं पांढरं पाणी वाहू लागलं. खळ गेली, वाघ गेला. उरलं ते तलावावरच्या कोळ्यांचं जाळं. हे पाटावरून उठेचनात. हसू आलं की मनात प्रार्थना म्हणावी, असं माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलं होतं. त्या दिवशी मला प्रार्थना पुरली नाही.

बकारामची बायको रुख्मा पुढे आली. तिच्या काखेत, अगदी योगायोगानं, नवं धोतर होतं.

सासरे खाकरले. "बकाराम, लगनाचे धोतर तुयेच. रोजचे मात्र वाघाचे. सस्ते पडतेत."

बकारामचं तोंड उतरलं. लग्नांवर माग किती चालणार?

"तोंड काऊन पाडता?" रुख्मा म्हणाली. "मानसावर लगनातच पानी पडते का?"

त्या उन्हाळ्यात बकाराम स्वतः पाणी भरू लागला. विहिरीच्या वाटेवर विलायती धोतर दिसलं की त्याला नेमकी ठेच लागायची आणि घागर हिंदकळायची. बायका ओट्यांवर येऊन बसायच्या. पावसाळ्याआधीच पुरुष एकेक करून त्याच्या मागाकडे वळले.

सासरे मात्र शेवटपर्यंत वाघाचंच धोतर नेसले, आणि विहिरीला वळसा घालून गेले.