कमरेवरच्या दोन मुठी

सोमवारी तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, "कॉर्टिसॉल कुठल्या ग्रंथीतून येतं?"

मला येत होतं. आदल्या दिवशी आई कणीक मळत असताना मी तिला ते तीनदा म्हणून दाखवलं होतं. पण तोंडाला कोरड पडली, छाती धडधडायला लागली आणि डोक्यात काहीच उरलं नाही.

"बोल ने, बेन," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी वही मिटली. "गुरुवारे फरी आव."

गुरुवारी पुन्हा येऊनही जमलं नाही तर प्रॅक्टिकलमध्ये नापास, म्हणजे वर्ष गेलं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. कुणाला विचारावं तेही कळेना.

पुस्तक उघडलं तर भीती वाढलीच. माणूस घाबरला की हेच संप्रेरक रक्तात वाढतं आणि पाठ केलेलं ऐन वेळी आठवत नाही, असं त्यात होतं. म्हणजे गुरुवारी मी घाबरणार, म्हणून विसरणार. आता मला घाबरण्याचीच भीती वाटायला लागली.

दुपारी पप्पांचा डबा घेऊन गोडादरा भागातल्या कापडाच्या कारखान्यात गेले. तिथे मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, सगळे हातांनीच बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी मिटली की धागा तुटला. बाहेर ओट्यावर जेवताना मी पप्पांना सगळं सांगितलं.

"मंग काय व्हयनं घाबरलीस तर?" पप्पा म्हणाले. "एकदा मागातला आडवा धागा नेणारा धोटा उडून माझ्या कानाजवळून गेला. शेजारच्याला हाक मारायची, तर त्याचं नाव आठवेना. पण हातानं माग बंद केला होता. तू हाताला शिकव."

खरंच असं होतं का, मला ठाऊक नव्हतं. तरी विचारतील त्या उत्तरांना हातांच्या खुणा ठरवल्या. कॉर्टिसॉलच्या ग्रंथी मूत्रपिंडांवर असतात, म्हणून कमरेवर मागे दोन मुठी.

गुरुवारी पहिला प्रश्न तोच आला. पुन्हा तीच कोरड, तेच काही न आठवणं. माझे हात मात्र कमरेमागे गेले.

"कमरमां दुखे छे, बेटा?"

"नाही, मॅडम. अ‍ॅड्रिनल. मूत्रपिंडांच्या वर."

"आणि कॉर्टिसॉल वाढलं तर आठवणीचं काय होतं?"

याची खूण मी केलीच नव्हती.

"सोमवारी माझं झालं तसं," मी म्हणाले आणि पुन्हा घाबरले. उद्धटपणा तर नाही ना झाला?

मॅडमनी वर न बघता सही केली. पास.

जिना उतरताना लक्षात आलं, मुठी अजून कमरेवरच होत्या.